साडेनऊ हे नाव

“आजी, ‘साडेनऊ’ कोणीतरी आधीच घेतलंय,” नात म्हणाली, आणि माझ्या हातातला उशीचा अभ्रा अर्धी घडी होऊन तसाच राहिला. रविवारची दुपार होती. सून आत झोपली होती, मुलगा गाडी धुवायला खाली गेला होता, आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीवर दोन माणसं एकमेकांना बडवत होती. नात दवाखान्यात एक्स-रे काढते. आठवडाभर लोकांची मोडलेली हाडं बघायची आणि सुट्टीच्या दिवशी लोकांची हाडं मोडायची, असं मी तिला चिडवते. हा खेळ दोघांचा असतो. समोरचा माणूस आपल्या घरी बसलेला, तो दिसत नाही. दिसतो त्याचा पैलवान, आणि पैलवानाच्या डोक्यावर तरंगणारं नाव. नाव ज्याचं त्याने ठेवायचं, पण एक नाव एकालाच मिळतं. नात मला ती नावं वाचून दाखवायची आणि आम्ही दोघी हसायचो. हाडमोड्या. सरळबुक्की. दात परत मिळणार नाहीत. एकाचं नुसतंच ‘तुझे काका’. तिचं स्वतःचं नाव आजवर साधंच होतं, तिच्या आद्याक्षरांना जन्मसालाचं शेपूट लावलेलं. पण या महिन्यात ती वरच्या गटात गेली होती, आणि वरच्या गटात शेपटाचं नाव शोभत नाही, तिथे ऐकूनच समोरच्याने दचकावं असं नाव लागतं, असं तिचं म्हणणं. तिला लहानपणी माझ्याकडून ऐकलेली सगळ्यात भांडकुदळ बाई आठवली, आणि तिने ते नाव टाकून बघितलं. ते गेलेलं होतं.

मी अभ्रा मांडीवर ठेवला आणि म्हणाले, असेल, साडेनऊ काय, घड्याळातही वाजतात. ती म्हणाली तसं नाही, त्याने हाताचं चित्रसुद्धा लावलंय. आणि तिने दाखवलं. नावाच्या शेजारी बोटभर आकाराचा एक पंजा होता, डाव्या हाताचा, आणि त्यातलं करंगळीशेजारचं बोट अर्ध्यावर संपलेलं. मला वाटलं होतं की या वयात अंगाला काही नवीन होत नाही. पण नाकात खळीचा वास आला, तापलेल्या लोखंडावर खळ जळते तसा, चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा, जसाच्या तसा.

मी दहा वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत होते. तळघर होतं ते. वर माणसं मरत आणि जन्मत, आणि दोन्हीच्या चादरी खाली आमच्याकडे येत. एका टोकाला धुण्याची पिंपं, मग पिळायचं यंत्र, आणि शेवटी आमचा रोलर, एका खाटेएवढा रुंद, आत वाफ भरलेला. ओली चादर दोन बायकांनी दोन कोपरे धरून त्याच्या तोंडात द्यायची, पलीकडे दोघींनी कोरडी झालेली पकडायची. रोलरच्या तोंडाशी एक पत्र्याची पट्टी होती. तिला हात लागला की यंत्र आपोआप थांबे. हात वाचावा म्हणूनच ती बसवलेली, पण चादरीची दुमड लागली तरीही थांबे, तासाला वीस वेळा, आणि मुकादम वरून ओरडे. म्हणून आम्ही ती पट्टी बँडेजच्या चिंधीने वर बांधून टाकायचो. बाहेरून तपासणीवाले आले की सोडायची, गेले की बांधायची. बांधायचं काम माझं होतं. माझी गाठ पक्की बसे. पट्टी बांधली की राहिलं फक्त लाल बटण, आणि ते मी उभी राहायचे त्या बाजूच्या खांबावर होतं. तिथे सगळ्यांना टोपणनावं होती आणि ती सगळी एकाच बाईने ठेवलेली. सदा फुसफुसणारीला कुकर. कामाला उशिरा येऊन लवकर जाणारीला अर्धी सुट्टी. मुकादमाला ढेकूण, कारण तो दिवसा दिसत नसे आणि चावा मात्र सापडे. बाईने नाव ठेवलं की ते कातडीला चिकटे. तिला स्वतःला तेव्हा आम्ही रणगाडा म्हणत असू, पण ते तिच्या माघारी.

नातीला मी तिच्या गोष्टी सांगितल्या त्या जेवण भरवताना. ही पोर तोंडात घास धरून बसायची, मग मी म्हणायचे, आणि मग साडेनऊने काय केलं ठाऊक आहे का, आणि घास खाली उतरायचा. मुकादमाने कुकरच्या अंगाला हात लावला तेव्हा साडेनऊने ओल्या चादरींचं बोचकं त्याच्या डोक्यात घातलं होतं, आणि तो पिंपाच्या कडेवर असा आपटला की त्याचा पुढचा दात साबणाच्या पाण्यात गेला. तो दात सापडेना. मग दोन दिवस आम्ही प्रत्येक चादर झटकून बघत होतो, कुठल्या पेशंटच्या अंथरुणात जाऊन चावायला नको. हे सगळं खरं होतं. तिच्या नवऱ्याने एकदा दारूच्या नशेत लाँड्रीच्या दाराशी तमाशा केला, तर तिने त्याला मनगट पिरगाळून जिन्यावरून खाली लोटलं आणि परत येऊन चादरीचा कोपरा धरला. हेही खरं. नात विचारायची, तिचं बोट कुठे गेलं. मी म्हणायचे, मशीनने खाल्लं. तेही खोटं नव्हतं, अशी माझी मी समजूत घालत आले.

त्या रविवारी नातीने त्या साडेनऊला निरोप पाठवला, आणि थोड्या वेळाने टीव्हीतून एका मुलीचा आवाज आला. जरा जाडा, हसरा, तोंडात काहीतरी चघळत असल्यासारखा. नात म्हणाली की हे नाव तिला हवंय, तिच्या आजीच्या गोष्टीतलं आहे. पलीकडची म्हणाली, “तुझ्या आजीच्या गोष्टीतलं असेल. माझ्या आजीचं आहे.” नात माझ्याकडे बघून डोळे मोठे करायला लागली. आजी कुठे आहेत, असं तिने विचारलं, तर ती मुलगी म्हणाली की गेली, तीन वर्षं झाली, शेवटच्या दिवशीसुद्धा नर्सशी भांडून गेली. नात कळवळून सांगू लागली की माझी आजी त्यांच्याबरोबरच कामाला होती, हे बघ इथेच बसली आहे. मी जोरजोरात मान हलवली. मी नाही, मी इथे नाही, अशी. नातीला वाटलं मला लाज वाटते आहे. तिने विषय बदलला. त्या दोघींनी मग आपसांत ठरवून टाकलं. या लोकांत एक रीत आहे. एका नावावर दोघांचा डोळा असला की नावाची लढत लावायची. जो आधी दहा फेऱ्या जिंकेल त्याचं नाव. आणि हरणाऱ्याने नाव सोडायचं एवढंच नाही, तर महिनाभर असं एक नाव वागवायचं की जे उच्चारायला त्याला स्वतःला लाज वाटेल. ते ज्याचं त्याने निवडायचं, पण खोटेपणा करायचा नाही. पुढचा रविवार, दुपारी चार.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगता येणार नाही. म्हणजे काढला, भाजी चिरली, डोळ्यांत थेंब घातले, मुलाच्या शर्टाला बटण लावलं. पण सगळा वेळ मी त्या यंत्रासमोर उभी होते. माझ्या नवऱ्याचा हात उठत असे. त्या काळी ही काही बातमी नव्हती, आणि मी ती कोणाला सांगितलीही नव्हती, एका बाईखेरीज. जेवणाच्या सुट्टीत, कपाटांच्या मागे, मी तिला पाठ दाखवली होती. पट्ट्याचे वळ होते, काही जुने निळे, काही ताजे. तिने तिच्या डब्यातला अर्धा भाग माझ्या डब्यात टाकला आणि म्हणाली, खा. मला वाटलं होतं की ती जाऊन त्याला मारेल. खरं सांगायचं तर मी त्याच आशेने पाठ दाखवली होती. रोज संध्याकाळी घरी जाताना मी वाट बघे, की आज तो दारात रक्तबंबाळ पडलेला सापडेल. तो सापडत नव्हता. तो खाटेवर बसून माझी वाट बघत असे.

आणि मग एका सकाळी, यंत्र जोरात चाललेलं, सगळ्या घामाने निथळत होत्या, कोणाच्या तरी नवऱ्याचा विषय निघाला आणि ती म्हणाली, अगं तो तर काहीच नाही, आपल्या हिचा बघा. आणि तिने मी करून दाखवली. एका हाताने चादर धरून दुसरा हात तिने डोक्यावर असा आडवा घेतला, मान खांद्यात ओढली, आणि माझ्या बारीक आवाजात म्हणाली, अहो नको ना, अहो शेजारी ऐकतील. हुबेहूब. हे शेजाऱ्यांचं वाक्य मी तिला कपाटामागे रडत सांगितलं होतं. सगळ्या हसल्या. कुकर हसून हसून पिंपावर टेकली. वाईट हेतू नसेल तिचा. तिला जगातली प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलून हलकी करता येत असे, तिला वाटलं असेल माझीही करून द्यावी. मीसुद्धा हसले. हसता हसता माझ्या हातात चादरीचा कोपरा होता आणि तिच्या हातात दुसरा, आणि तिने कड बोटांना गुंडाळून घेतली होती, तशी घेऊ नये असं तीच आम्हाला शिकवायची. चादर तोंडाला लागली. मी माझ्या बाजूने एक हिसका दिला. असा हिसका दिवसातून शंभरदा द्यावा लागतो, सुरकुती काढायला. त्यात वेगळं असं काही नव्हतं. पट्टी वर बांधलेली होती, माझ्याच गाठीने.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आधी तिला कळलंच नाही, ती अजून माझ्या नकलेवर हसत होती, आणि मग तिचा खांदा पुढे ओढला गेला. ती किंचाळली नाही. तिच्या घशातून असा आवाज आला की जणू तिला कोणी नावच विचारलंय आणि तिला आठवत नाहीये. चादरीवर एक तांबडा ठिपका उमटला, रोलरबरोबर वर चढला, मागून दुसरा. मांस भाजल्याचा वास आला. माझा हात खांबावरच्या लाल बटणावर होता. मी तो तिथे ठेवला केव्हा ते आठवत नाही, पण होता. बटण तळहाताला गार लागत होतं. आणि मी दाबलं नाही. किती वेळ, ते मी हजार वेळा मोजायचा प्रयत्न केला आहे. एक श्वास. दोन असतील. त्या दोन श्वासांत मला जे सुख झालं तसं आयुष्यात कधी झालं नाही, लग्नात नाही, मुलगा झाला तेव्हा नाही. पाठीवरचा एक एक वळ विझत गेल्यासारखं. तिने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मग मी बटण दाबलं.

तिला वर मीच नेलं. माझ्या ओच्यात तिचा हात गुंडाळून, जिन्याने. डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, तर तिने सांगितलं, मशीनने घेतलं, माझीच चूक, कड गुंडाळून घेतली होती. तीन आठवड्यांनी ती परत आली. सगळ्या तिच्या हाताकडे बघायचं टाळत होत्या. तिने डावा पंजा दिव्याखाली उंच धरला आणि म्हणाली, “नीट बघून घ्या. आजपासून मी साडेनऊ. दुसरं कोणी काही ठेवायच्या आत मीच ठेवून घेतलं.” बायका हसल्या, मग दोघीतिघी रडल्या. माझी नक्कल तिने पुन्हा कधी केली नाही. माझ्याशी ती वाईट वागली नाही, चांगलीही वागली नाही; चादरीचा कोपरा धरायला मात्र ती माझ्यासमोर कधी उभी राहिली नाही. तिला जागा बदलून हवी होती, एवढंच, असं मी धरून चालले. दोन वर्षांनी नवरा मेला आणि मी ते काम सोडलं. चव्वेचाळीस वर्षं माझ्याकडे एकच प्रश्न उरला होता. तिला कळलं होतं की नाही. हिसका तर सगळेच देतात. वाफेत काय दिसतं. दुखण्याने माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, ती बघत असेल माझ्याकडे, पण दिसत नसेल. या ‘नसेल’वर मी पोराला वाढवलं, नातीला गोष्टी सांगितल्या.

रविवारी चार वाजता नातीने मला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. तुझ्याच माणसांची लढत आहे, म्हणाली. पहिल्या तीन ती पलीकडचीच जिंकली. तिचा पैलवान म्हणजे एक जाडजूड बाई होती, दंड उघडे, आणि ती मारताना सरळ डोक्याने धडक मारायची, मग पडलेल्याला केसांना धरून उचलायची आणि गुडघ्यावर आपटायची. कडाड असा आवाज येई. नातीची लढणारी बारकी, चपळ, पायांनी मारणारी. चौथीपासून नातीला सूर सापडला. ती लांब राहून पोटरीवर मारू लागली, पुन्हा पुन्हा, त्याच जागी, आणि ती जाडी बाई वाकली की हनुवटीखाली टाच. दात उडत. त्या खेळात रक्त काळपट दाखवतात, ते जमिनीवर राहतं, पुढची फेरी त्यावरच होते. पाच पाच झाले. सात सात. माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत. मी ‘मार’ म्हणत होते. आवाज न करता, पण म्हणत होते. मार, पोटरीवर मार, मान वळवायला वेळ देऊ नकोस. हे नाव त्यांचंच आहे, त्यांच्याकडेच राहू दे, नातीने हरावं, असं मी आठवडाभर मनाशी घोकलं होतं, आणि आता त्या जाड बाईच्या डोक्यावरचं ‘साडेनऊ’ प्रत्येक लाथेला हिंदकळत होतं आणि मला घशात गोड लागत होतं.

नात दहा आठने जिंकली. तिने हातातलं खेळायचं पॅड सोफ्यावर टाकून माझ्या गळ्यात हात घातले. पलीकडून दीर्घ श्वास ऐकू आला. मग ती मुलगी म्हणाली की चांगली खेळलीस, घे नाव, नीट वापर, आमची आजी तुझ्यावर खूष झाली असती, खालच्या अंगाने मारणारी माणसं तिला मुळीच आवडत नसत, पण जिंकलेली आवडत. नातीने लगेच नाव घेतलं. आणि थोड्या वेळाने त्या जाड बाईच्या डोक्यावर एक नवीन नाव उमटलं.

गुपचिळी.

नात खो खो हसली. म्हणाली, अळीमिळी गुपचिळी, हे कसलं लाजेचं नाव, किती गोड आहे. पलीकडची हसली नाही. “आमच्या घरातली शिवी आहे. याच्याहून घाण आमच्याकडे दुसरी नाही. मी लहानपणी भावाला एकदा म्हणाले होते तर आजीने मला थोबाडीत मारली होती.” नातीने विचारलं, म्हणजे काय पण. तर ती म्हणाली, “आजीच्या कामावर एक बाई होती. आजीचा हात मशीनमध्ये जात होता, आणि ती बटणावर हात ठेवून बघत होती.”

खोलीत ऊन आलं होतं, टीव्हीवरची धूळ दिसत होती. तळघरातल्या सगळ्याजणी मला त्या नावाने हाक मारायच्या, मी कधी तोंड उघडत नसे म्हणून. ते नाव तिनेच ठेवलं होतं, पहिल्याच दिवशी, माझ्या गालाला हात लावून. या घरात ते कोणाला ठाऊक नव्हतं. तिला कळलं होतं तर. पहिल्या क्षणापासून कळलं होतं, आणि डॉक्टरांसमोर ‘माझीच चूक’ म्हणताना, दिव्याखाली पंजा धरताना, मला कामावरून काढलं जाऊ नये इतपत गप्प राहताना, तिला सगळं ठाऊक होतं. घरी जाऊन मात्र तिने सांगितलं. माणसाने कुठेतरी सांगायला हवंच. मी तिला पाठ दाखवली होती, तसंच.

नातीचं हसू जिरलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. ती हाडांचे फोटो काढते, आतलं बघायची तिला सवय आहे. “आजी, तुला ठाऊक होती का गं ही बाई?”

नाही म्हणणं फार सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

“मीच,” मी म्हणाले.

नातीचे हात माझ्या गळ्यावरून खाली आले. पलीकडे त्या मुलीनेही ऐकलं असणार, कारण तिचं चघळणं थांबलं. मी काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं, नकलेबद्दल, वळांबद्दल, वाफेबद्दल. प्रत्येक शब्द वकिलाचा वाटला. मग ती मुलगी बोलली. तिचा आवाज आता मुळीच जाडा नव्हता. “पॅड त्यांच्या हातात दे.”

नात म्हणाली, अगं तिला काय येतंय. पण तिने ते दिलं. दिलं म्हणजे माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. त्याला नातीच्या हातांची ऊब होती. पडद्यावर माझी बारकी लढणारी उभी राहिली आणि तिच्या डोक्यावर लिहिलेलं होतं साडेनऊ. समोरून ती जाडी बाई, काळ्या रक्तावर पाय देत, माझं नाव डोक्यावर घेऊन माझ्याकडे चालत आली.

मी ठरवलं की हात हलवायचा नाही. ती देईल तेवढं घ्यायचं. पहिली धडक छातीत बसली, माझ्या हातातलं ते यंत्र थरथरलं, थेट कोपरापर्यंत. दुसऱ्या वेळी तिने केसांना धरून उचललं आणि गुडघ्यावर आपटलं, आणि टीव्हीतून त्या मुलीचा श्वास ऐकू येत होता, रडल्यासारखा, धावल्यासारखा. घे, मी मनाशी म्हणत होते, घे, अजून घे. मी जमिनीवर होते. ती तिसऱ्यांदा वाकली, जवळ आली, तिची मान माझ्या तोंडासमोर आली.

माझा अंगठा आपोआप खाली गेला. कोणतं बटण होतं ते मला ठाऊक नाही. पडल्या पडल्या माझ्या बारकीची टाच वर उसळली आणि त्या जाड बाईच्या जबड्यात बसली, दात उडाले, ती मागे कोलमडली.

मी नातीकडे बघितलं नाही. मी पुन्हा दाबलं.